डर्बनला निघण्यापूर्वी

कॉम्रेड्सला मॅरेथॉन म्हणतात खरं, पण नेहमीची मॅरेथॉन जिथे संपते तिथे ही जेमतेम अर्ध्यावर आलेली असते. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांना जोडणाऱ्या डोंगरी रस्त्यावर ८७ ते ९० किलोमीटर धावायचं, तेही १२ तासांच्या आत. बाराव्या तासाला मैदानावर बंदूक वाजते. ती वाजवणारा माणूस येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे कुणाकडे पाहून त्याचं बोट अडखळायला नको. एका सेकंदाने हुकलेल्यालाही पदक मिळत नाही. तरीही भारतातून दरवर्षी शेकडो जण तिथे जातात आणि त्यात पुण्या-मुंबईबरोबर सातारा, कोल्हापूर, नाशिक, नागपूरचे धावणारेही असतात. यंदा किंवा पुढच्या वर्षी जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

दूरदेशीच्या अशा शर्यतीत माणसाला निव्वळ अंतर फारसं पाडत नाही. अंतराची तयारी बहुतेकांनी केलेली असते. पाडतं ते अनोळखीपण: वेगळं अन्न, अवेळी झोप, कधी न उतरलेला उतार, पहाटेची थंडी, नवे बूट. तिथे गेल्यावर नवं वाटेल असं जे जे आहे ते घरीच जुनं करून घ्यायचं आणि शर्यतीच्या दिवशी नवा फक्त रस्ता ठेवायचा. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे.

आधी कॅलेंडर बघू. शर्यत साधारणपणे जूनच्या दुसऱ्या रविवारी असते. नावनोंदणी बहुधा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुमाराला उघडते आणि जागा भराभर भरतात, त्यामुळे ‘मुंबई मॅरेथॉन कशी जाते ते बघून ठरवू’ म्हणणाऱ्याला उशीर होतो. पात्रतेची वेळ नंतर दाखवता येते. अलीकडच्या वर्षांत ४२.२ किलोमीटरची मान्यताप्राप्त मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत पूर्ण करण्याची अट आहे आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन त्यासाठी सोयीची पडते. पण ४ तास ४९ मिनिटांनी पात्र झालो म्हणजे झालं, असं कृपा करून समजू नका. तुमच्या पात्रतेच्या वेळेवरून सुरुवातीचा गट ठरतो. मागच्या गटात उभं राहिलात तर गर्दीतून सुरुवातीची रेघ गाठायलाच काही मिनिटं जातात, आणि घड्याळ बंदुकीपासून चालवायची इथली जुनी पद्धत आहे. माझं स्पष्ट मत असं की साडेचार तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण होत नसेल, तर एक वर्ष थांबावं. विमानाच्या तिकिटाला आणि घरच्यांच्या काळजीला त्यात न्याय मिळतो.

दुसरी चौकशी करायची ती दिशेची. शर्यत साधारण एक वर्ष ‘अप’ आणि एक वर्ष ‘डाउन’ अशी आलटून पालटून असते. अप म्हणजे समुद्रकाठच्या डर्बनहून वर पीटरमॅरित्झबर्गला, डाउन म्हणजे तिथून खाली डर्बनला. पीटरमॅरित्झबर्ग समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटर उंच आहे. रस्त्यावरच्या पाच मोठ्या टेकड्या धावणाऱ्यांच्या तोंडी पाठ असतात: काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स. अपच्या वर्षी पॉली शॉर्ट्स शेवटी येते, ऐंशीएक किलोमीटर पायांखालून गेल्यावर. तिथे भलेभले चालतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

डाउन नाव ऐकून मात्र फसू नये. पीटरमॅरित्झबर्गहून निघाल्यावर पहिल्या वीस किलोमीटरमध्ये रस्ता चढत-उतरत उमलास रोडला जातो आणि तिथेच तो सगळ्यांत उंचीवर असतो. पुढे हॅरिसन फ्लॅट्सचा उघडा, कंटाळवाणा पट्टा, मग इंचांगा, ड्रमंडला निम्मं अंतर, आणि लगेच बोथाज हिलचा चढ. खरा उतार लागतो तो त्यानंतर. फील्ड्स हिलचा सुमारे तीन किलोमीटरचा उतार पाइनटाउनमध्ये सोडतो, तोवर साठ-पासष्ट किलोमीटर झालेले असतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलतो आणि त्याचे तंतू चढापेक्षा उतारावर जास्त फाटतात. ज्यांनी घाट फक्त चढून सराव केला, ते फील्ड्स हिलच्या पायथ्याशी येतात तेव्हा श्वास शाबूत असतो, पण मांड्या वाकायला तयार नसतात. शेवटचे वीस किलोमीटर मग फरफटत जातात.

यावर उपाय आपल्या दारात आहे आणि तो फुकट आहे. सातारच्या धावणाऱ्यांना यवतेश्वरचा घाट माहीत आहे, सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्याच रस्त्याने वर जाते आणि खाली येते. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, पुण्याला सिंहगडाचा डांबरी रस्ता, ठाण्याला येऊर, गोव्याच्या मंडळींना चोर्ला घाट. मार्च ते मे या काळात आठवड्यातला एक सराव मुद्दाम उताराचा ठेवा. वर सावकाश जा आणि खाली येताना पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटू न देता उतरा. सुरुवातीला तीन-चार किलोमीटर उतरलात तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतील. सहा-आठ आठवड्यांत त्या गप्प होतात, कारण स्नायू या माराला खरोखर सरावतो. शेवटचा कडक उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही. रस्त्याला बाजूकडे असलेला ढाळही लक्षात ठेवा. तिथल्या जुन्या हमरस्त्यावर तो जाणवण्याइतका आहे, आणि नेहमी एकाच कडेने धावायची सवय असेल तर एका बाजूचा खुबा आणि गुडघा कुरकुरतो. वाहनं नसलेल्या रस्त्यावर अधूनमधून बाजू बदलून धावा.

एकूण किती धावावं? जानेवारी ते मे मिळून हजारेक किलोमीटर पायांत असावेत आणि सर्वांत लांब सराव ५० ते ५६ किलोमीटरचा असावा, शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी. दक्षिण आफ्रिकेतले धावपटू त्यासाठी केपटाउनची ५६ किलोमीटरची टू ओशन्स धावतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये उन्हाळ्याची अडचण आहेच, विदर्भात तर फारच. पहाटे तीनला निघून आठच्या आत संपवा, उरलेला भाग संध्याकाळी करा. उन्हात शरीर सरावतं हा त्यातला फायदा. डर्बनला जूनमध्ये हिवाळा असला तरी दुपारचं ऊन लागतं आणि ते तुम्हाला तिथल्या लोकांपेक्षा सोपं जाईल.

आता गणित. ९० किलोमीटरला १२ तास म्हणजे किलोमीटरला बरोबर ८ मिनिटं. ८७ किलोमीटर असेल तर सव्वाआठ. हा आकडा ऐकून मॅरेथॉन धावणाऱ्याला हायसं वाटतं आणि घोळ तिथेच होतो. त्या आठ मिनिटांत चढ, पाण्याचे थांबे, स्वच्छतागृहाची रांग, सुरुवातीची गर्दी, सगळं धरलेलं असतं. वाटेत ठिकठिकाणी कट-ऑफ आहेत. ठरलेल्या वेळेत तो टप्पा पार झाला नाही तर रस्ता बंद करतात आणि बसमध्ये बसवतात. म्हणून सपाटीवर सात-सव्वासातने धावायचं, चढावर पहिल्यापासूनच ठरवून चालायचं, असा आराखडा करा. पाय थकल्यावर नाइलाजाने चालणं आणि ताजे असताना ठरवून चालणं यांत शेवटी फार फरक पडतो. दोन-तीन मिनिटं चाल, आठ-दहा मिनिटं धाव, असा सरावही करून ठेवा. त्या वर्षीच्या कट-ऑफच्या वेळा एका चिठ्ठीवर लिहून मनगटाला बांधा; साठ किलोमीटरनंतर डोक्यात हिशेब होत नाहीत.

तिथे ‘बस’ नावाचा एक सुंदर प्रकार आहे. अनुभवी धावपटू हातात वेळेची पाटी घेऊन धावतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि त्याच्यामागे शेकडो जण एका लयीत, गात, चालत-धावत जातात. नवख्याला बारा तासांच्या बसचा मोठा आधार असतो. मात्र बस गच्च भरलेली असते, पाण्याच्या टेबलाशी चेंगराचेंगरी होते. तिच्या थोडं पुढे राहणं बरं, म्हणजे मागे पडलात तरी बस तुम्हाला उचलेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेला भारतीयांना व्हिसा लागतो. दोन-अडीच महिने हाताशी ठेवा आणि नोंदणीची पावती अर्जाला जोडा. भारतातून थेट विमान नाही, दुबई, दोहा, अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जावं लागतं. पीतज्वराचा धोका असलेल्या देशात बारा तासांहून जास्त थांबा झाला तर लस घेतल्याचं प्रमाणपत्र मागतात, आणि इथिओपिया, केनिया त्या यादीत आहेत. स्वस्त तिकिटाच्या मोहात लांब थांबा घेण्यापूर्वी हे तपासा. प्रवास विम्याचे नियम बारीक अक्षरांसकट वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये स्पर्धात्मक खेळातली दुखापत वगळलेली असते, आणि तुम्ही नेमकं त्याचसाठी निघालेले असता.

सामानात एक नियम कधीही मोडू नका: शर्यतीचे बूट, मोजे, कपडे, घड्याळ, औषधं ही हातातल्या पिशवीत. बाकीची बॅग हरवली तर डर्बनला सगळं विकत मिळेल, पण तीनशे किलोमीटर धावून पायाला बसलेला बूट मिळणार नाही. जेलची पाकिटं मोठ्या बॅगेत टाका, सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थ म्हणून अडकतात. ताजी फळं, दुधाचे पदार्थ नेऊ नका. बंद पाकिटातली चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, पोहे न्यावेत, आणि विमानतळावर विचारलं तर आणलंय म्हणून सरळ सांगावं. चार्जरसाठी तिथे जाड गोल तीन पिनांचं सॉकेट असतं, आपल्याकडे गिझर किंवा एसीला असतं तसं. घरून निघताना त्या पिनेचा अ‍ॅडॉप्टर घेतलात तर घड्याळ चार्ज करायची शनिवारची धावपळ वाचते.

बुधवारी, फार तर गुरुवारी पोहोचा. दक्षिण आफ्रिकेचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला तिथल्या संध्याकाळी सातला पेंग येईल आणि रात्री दोनला जाग. परदेशी गेल्यावर तिथल्या वेळेशी लवकर जुळवून घ्या असा सल्ला सगळे देतात, इथे तो पाळू नका. शर्यतीची पारंपरिक वेळ पहाटे साडेपाचची आहे. डाउनच्या वर्षी डर्बनहून पीटरमॅरित्झबर्गला जाणाऱ्या बसगाड्या त्याआधी कितीतरी निघतात, म्हणजे रात्री दोनला उठायचंच असतं. सातला झोपून दोनला उठणारं तुमचं शरीर त्या दिवसासाठी आयतं तयार आहे. जेवण सहाला उरका, पडदे ओढा आणि झोपून जा. यामुळे शनिवारची रात्र तळमळत जात नाही. आणि गेलीच, तरी घाबरू नका; शुक्रवारची झोप चांगली झाली असेल तर एका रात्रीच्या जागरणाने पाय थकत नाहीत.

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा बघा. डर्बनला आपल्या माणसाची खाण्याची आबाळ होत नाही. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिट्ये मजूर म्हणून आलेल्या भारतीयांचे वंशज इथे मोठ्या संख्येने राहतात. डाळ, तांदूळ, मसाले, शाकाहारी थाळी सहज मिळते. पावाचा पोकळ केलेला अर्धा लोफ आणि त्यात रस्सा, तो बनी चाउ इथलाच. तो रविवारनंतर खा. शर्यतीआधीचे तीन दिवस वरणभात, दहीभात, बटाटा, केळी एवढंच. घरी लाँग रनच्या आदल्या रात्री जे खात होता तेच इथे शिजवा. रात्री उशिरा एकट्याने पायी हिंडू नका, मोबाइल हातात मिरवू नका, टॅक्सी अ‍ॅपवरून बोलवा.

शुक्रवारी जमलं तर मार्ग गाडीने बघून या. नवख्यांसाठी अशा सहली असतात. इंचांगाच्या जवळ एथेम्बेनी ही अपंग आणि दृष्टिहीन मुलांची निवासी शाळा आहे. शर्यतीच्या दिवशी ती मुलं रस्त्याकडेला रांगेने बसतात आणि हात पुढे करतात. त्या हातांना टाळी देण्यासाठी वेग कमी करा, तुमच्या वेळेचं काही बिघडत नाही. पुढे आर्थर्स सीट हा दरडीत कोरलेला कोनाडा लागतो. पाच वेळा शर्यत जिंकलेले आर्थर न्यूटन तिथे विसाव्याला बसत असं सांगतात, आणि धावणारे त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणून पुढे जातात. त्याच सहलीत पीटरमॅरित्झबर्गचं रेल्वे स्टेशन बघा. ७ जून १८९३ च्या रात्री पहिल्या वर्गाच्या डब्यातून मोहनदास गांधींना उतरवलं गेलं ते याच फलाटावर. थंडीचे दिवस होते, त्यांनी रात्र तिथल्या प्रतीक्षालयात कुडकुडत काढली. शर्यत नेमकी त्याच दिवसांत येते, त्यामुळे ती थंडी किती असते हे तुम्हालाही कळेल.

कारण पीटरमॅरित्झबर्ग खोलगट जागी आहे आणि जूनच्या पहाटे पारा एक आकडी होऊ शकतो. टाकून द्यायला हरकत नाही असा जुना स्वेटर घरून न्या आणि उजाडल्यावर रस्त्याकडेला सोडा, गरजू माणसं ते गोळा करतात. सुरुवातीच्या रांगेत नगरभवनासमोर अंधारात उभं असताना राष्ट्रगीत होतं, मग हजारो गळे ‘शोशोलोझा’ हे खाणमजुरांचं गाणं म्हणतात, मग कोंबड्याची बांग ऐकू येते आणि बंदूक. भल्याभल्यांचे डोळे भरून येतात. नेमक्या त्याच भरात पहिले दहा किलोमीटर जास्त वेगाने जातात. घड्याळात वेगाची वरची मर्यादा लावून ठेवा आणि तिचं ऐका.

वाटेत पाणी प्लास्टिकच्या छोट्या पाउचमध्ये मिळतं. कोपरा दाताने फोडायचा आणि पिळायचं. आपल्या एसटी स्टँडवर पाण्याची पाउच मिळतात तसलीच ती. महिनाभर आधी धावताना फोडून प्यायचा सराव करा. टेबलाजवळ रिकाम्या पाउचवरून पाय घसरतो, तिथे चालाच. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, संत्री आणि कोलाही मिळतो. कोला उशिरा, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात सुरू करा. घरच्या सरावात कोला आणि खारा बटाटा पोटाला कसा मानवतो ते पाहिलेलं असावं.

पाण्याबद्दल कळकळीने सांगतो. उन्हाळ्यात सराव करणाऱ्या आपल्या धावणाऱ्यांच्या मनात पाणी कमी पडण्याची भीती घट्ट बसलेली असते. दर थांब्यावर पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा लांब शर्यतींतल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तेव्हा जगाचं लक्ष याकडे गेलं. तहान लागेल तसं प्या. बोटं सुजून अंगठी घट्ट होत असेल, मळमळ आणि डोकेदुखी एकदम वाढत असेल, तर आणखी पाणी पिऊ नका, वैद्यकीय तंबूत जा. आणि ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीच्या दिवशी खिशातसुद्धा ठेवू नका. बारा तास उन्हात पळणाऱ्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करतात.

सोबत घरचं कुणी येत असेल तर त्यांचाही दिवस आखा. त्यांनी वाटेत तुम्हाला शोधत हिंडण्यापेक्षा मैदानावर थांबावं, कारण रस्ते बंद असतात. कुठल्या दारापाशी भेटायचं ते आदल्या दिवशी ठरवा. जूनमध्ये तिथे पाच वाजून गेल्यावर लगेच अंधारतं आणि गर्दीत फोन लागत नाही.

पदकांची नावं आधी वाचून ठेवा, म्हणजे हातात येईल त्याचं मोल कळेल. १२ तासांच्या आतल्याला व्हिक क्लॅपमचं पदक मिळतं. पहिल्या महायुद्धाहून परतलेला हा आगगाडीचा ड्रायव्हर. मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ त्याने १९२१ साली शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ पोहोचले. त्या वर्षी ८ तास ५९ मिनिटांत जिंकलेल्या बिल रोवनच्या नावाचं पदक नऊ तासांच्या आत येणाऱ्यांना मिळतं. १० तासांच्या आतलं पदक रॉबर्ट म्त्शाली यांच्या नावाचं आहे. १९३५ साली ते पूर्ण अंतर धावले, पण कृष्णवर्णीय म्हणून त्यांची नोंद झाली नाही. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ उजाडावं लागलं.

शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं सावकाश चाला, कोरडे कपडे घाला, खारट काहीतरी खा. लघवी चहाच्या रंगाची होत असेल किंवा होतच नसेल तर हॉटेलवर न जाता डॉक्टरांना दाखवा. परतीचं विमान सोमवारचं काढू नका, मंगळवार किंवा बुधवार बघा. सुजलेल्या पायांनी आठ-दहा तास खुर्चीत बसणं धोक्याचं असतं. दर तासाला उठा, पोटऱ्या हलवा. घरी आल्यावर दोन आठवडे फक्त चालणं, मग हळूहळू धाव. आणि पहिल्या वर्षी पूर्ण केलेल्यांनी ऑक्टोबरची तारीख लक्षात ठेवावी: पहिल्या दोन शर्यती लागोपाठच्या वर्षी पूर्ण करणाऱ्यालाच ‘बॅक टू बॅक’ हे जादा पदक मिळतं, आणि ती संधी एकदाच येते.